बादामकच्या पाण्याची साक्ष

यझ्द
शनिवार, २३ शहरीवर १३९८ (इराणी सौर सन)

आयुष्मती महरुखजान हिस,

फरामर्ज वहीदी याचा नमस्कार. तुझे क्षेमकुशल विचारण्याचा अधिकार मला उरला आहे किंवा कसे, याविषयी विद्वानांत मतभेद संभवतात; तथापि पत्राचा परिपाठ मोडू नये म्हणून विचारतो. आमच्याकडे सर्व यथास्थित. सहधर्मचारिणी ताहेरेचा गुडघा पूर्ववत दुखतो, माझा रक्तदाब माझ्या स्वभावास साजेशा उच्चासनी विराजमान आहे, आणि उन्हाळ्याने अद्याप राजीनामा दिलेला नाही. विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना यंदाही मीच शिकवतो. बावन्नाव्या वर्षी मनुष्यास दुसरे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून सरकारने ही सोय केली असावी.

पत्र कागदावर पाहून तुला नवल वाटेल. ईमेल, फोन, निरोप असे सर्व मार्ग तू माझ्यापुरते बंद केलेस, आणि ते योग्यच केलेस. कागदाला मात्र अजून पासवर्ड लागत नाही. पाकीट न फोडता टाकून देण्याची तुला पूर्ण मुभा आहे. पण ती मुभा तुझी आहे, तिसऱ्या कोणाची नाही, एवढ्यावर मी सध्या समाधान मानतो.

आता प्रथम ज्याच्यावर रागावणे सोपे आहे, त्याच्यावर रागावून घेतो.

त्या थोर कंपनीचे नाव मी घेणार नाही. काही नावे आदरापोटी टाळतात, काही दात आंबतात म्हणून. हे दुसऱ्या जातीचे. गेल्या महिन्यात, ३ मुर्दादच्या सकाळी, चहा अजून पेल्यात ओतायचा होता तेव्हा, मी आपल्या पाणी-मंडळाचे खाते तिच्या संकेतस्थळावर उघडायला गेलो आणि पडद्यावर सहा ओळी उमटल्या. आशय असा की, आपण निर्बंधित प्रदेशातून ही सेवा वापरल्याचे आढळले आहे, सबब आपले खाते आणि खासगी दालन बंद करण्यात येत आहे. खेद नाही, मुदत नाही, सामान उचलायला तासाभराची सवलत नाही. उद्दामातला उद्दाम घरमालकसुद्धा भाडेकरूला हाकलताना त्याची गादी निदान रस्त्यावर तरी फेकतो. येथे आम्ही बाहेर आणि गादी आत.

अपराध कोणता? यझ्दमध्ये असणे. हा अपराध माझ्या पित्याने केला, पितामहाने केला, प्रपितामहाने तर या अपराधाच्या समर्थनार्थ येथेच देह ठेवला. आमचे घराणे वंशपरंपरेने गुन्हेगार आहे, हे कळण्यास मात्र सात समुद्रांपलीकडच्या एका कार्यालयाची दिव्यदृष्टी लागली.

तुला हे सर्व ठाऊक आहे. तरी अभियोगपत्राला पूर्वपीठिका लागते, आणि हे अभियोगपत्रच आहे. आरोपी कोण, हे यथावकाश येईल.

१३८६ साली तू माझी विद्यार्थिनी होतीस आणि मी तेव्हाही असाच बोलत असे. तुझ्या आईच्या गावी, बादामकला, कारीझीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून भाऊबंदांत कुदळी उगारल्या गेल्या होत्या. डोंगराच्या पोटातून भुयाराने येणारे पाणी गावात उघड्यावर येते, आणि त्याच्या घटका बापाकडून लेकाला, लेकाकडून चार नातवांना, अशा वाटत वाटत इतक्या बारीक झाल्या होत्या, की हिशेब एकट्या पाटकऱ्याच्या डोक्यात मावेना. तू म्हणालीस, "उस्ताद, याचा प्रोग्राम लिहिता येईल." आपण लिहिला. त्याचे नाव ठेवले 'आबयार'. सहा वर्षांत तो त्र्याण्णव गावांत पोहोचला आणि अकरा माणसांचे मंडळ झाले. सगळे विनावेतन, म्हणून सगळे भांडखोर.

आबयारचा खरा जीव आकड्यांत नव्हता. तो साक्षींत होता. कोणी पाणी विकले, दान दिले, बदलून घेतले, सुनेच्या नावे केले, की गावाने ते चार माणसांदेखत पाण्याच्या वाटणीच्या जागी बोलायचे आणि ते बोलणे साक्षीदारांच्या नावांसह आपल्याला कळवायचे. ते सर्व तुझ्या खोलीतल्या सर्व्हरवर, त्या भुऱ्या पेटीत, जमा होई. दर महिन्याला तू सगळ्यांना त्याची प्रत घ्यायला लावायचीस. आम्ही कुरकुरत घ्यायचो.

मग १३९३ आले आणि मला प्रगतीचा झटका आला. जगातले सारे प्रोग्रामर त्या कंपनीच्या छताखाली जमले होते. रंगीत पाने, सुबक बटणे, कामाचे कौतुक करणाऱ्या हिरव्या चौकटी. मी ठराव मांडला की कोड, साक्षी, तक्रारी, चर्चा, सर्व तिकडे हलवावे. मंडळात तू एकटी उभी राहिलीस. "उस्ताद, ज्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, ते घर नसतं, पाहुणचार असतो. तो कधी संपेल हे पाहुण्याला विचारत नाहीत." त्यावर मी जे उत्तर दिले ते मंडळाला अजून पाठ आहे, कारण मी ते पाठ होईल अशा बेताने दिले होते. मी म्हणालो, "कन्ये, काळाच्या महामार्गावर तुझी पेटी आडवी घालू नकोस. तिच्यावर आईला लोणच्याच्या बरण्या ठेवू दे." माझ्यासकट दहा जण हसले. तू हसली नाहीस. पेटी उचलून आईकडे नेलीस, आणि तरीही मंडळ सोडले नाहीस. पुढे ब्रेमेनला गेल्यावरही माझ्या चुका दुरुस्त करीत राहिलीस. याचे मला तेव्हा फार आश्चर्य वाटले नाही. माझ्या चुका दुरुस्त होणे हा मी सृष्टिक्रम समजत असे.

आता माझ्या संतापाचे खरे स्थान ऐक. कंपनी ही कंपनी आहे. तिने कुलूप लावले, तिचे दार होते. संताप आपल्या जमातीचा येतो. जगभरचे आपण प्रोग्रामर स्वतःला स्वतंत्र वृत्तीचे म्हणवतो, मालकशाहीवर व्याख्याने झोडतो, आणि बिऱ्हाड मात्र दुसऱ्याच्या ओसरीवर थाटतो. कोड जपायला आपल्या हाती साधन कसले होते? ज्याची प्रत्येक प्रत परिपूर्ण असते. मुख्य प्रत अशी काही वस्तूच नाही. अकरा जणांकडे अकरा प्रती, दहा जळाल्या तर अकरावीतून सारे पुन्हा उभे राहते. असे साधन लाभलेल्या माणसांनी काय करावे? सगळ्यांनी मिळून एकाच दारासमोर रांग लावली, आणि तो दारवान किती सुस्वभावी आहे याची एकमेकांना ग्वाही दिली. त्यातही लबाडी अशी, की कोडच्या प्रती प्रत्येकाकडे राहिल्या, म्हणून आपण स्वतंत्र आहोत असे वाटत राहिले. साक्षी, तक्रारी, कोण काय म्हणाले आणि का म्हणाले, हे मात्र कंपनीच्या पानांवर होते. त्याची प्रत कोणी घेतली नाही. घेण्याचा आग्रह धरणारी एक बाई होती, तिला मी बरण्यांवर पाठवले होते.

तेव्हा ३ मुर्दादला आमच्याकडे प्रोग्राम उरला, आकडे उरले. साक्षी गेल्या.

याचा अर्थ काय, ते मला गेल्या गुरुवारी बादामकमध्ये शिकवण्यात आले. नुस्रत तुला आठवत असेल. वरच्या अंगणातली, नवरा ट्रकखाली गेला ती. १३९० साली तिच्या सासऱ्याने मरण्यापूर्वी चार घटका पाणी तिच्या नावे केले. ते पाणी तिच्या डाळिंबाच्या बागेला जाते, आणि त्या बागेवर ती आणि तिच्या दोन मुली जगतात. यंदा तिचा दीर रहमान म्हणतो, असे काही झालेच नव्हते. साक्षीदार चौघे होते, तिघे कबरीत. चौथा पाटकरी मश्ती यदुल्लाह, पण तो नुस्रतचा मामा, म्हणून पंच त्याचे ऐकत नाहीत. रहमानने तिच्या पाटात चिखलाचा बांध घातला आहे. पावणेदोन महिन्यांनी, १५ आबानला, पंच बसतील आणि पुढच्या वर्षाचे पाळीपत्रक कायम करतील. तोवर साक्ष न मिळाल्यास चार घटका रहमानच्या.

मी आबयारचे छापील पत्रक घेऊन विजयी मुद्रेने गेलो होतो. वाटणीच्या जागेवर सगळे उकिडवे बसले होते.

"हे बघा," मी म्हणालो, "नुस्रत, चार घटका. स्वच्छ लिहिलेलं आहे."

"लिहिलंय ते दिसतंय," थोरले पंच म्हणाले. "कोणी सांगितलं म्हणून लिहिलंय?"

"नोंद आहे ना यंत्रात."

"यंत्राला कोणी सांगितलं?"

"ते... त्या साक्षी सध्या उपलब्ध नाहीत."

"कुठं आहेत?"

"अमेरिकेत."

रहमान खदखदून हसला. "घ्या. आमच्या बापानं पाणी दिलं बादामकात, आणि साक्षीदार राहायला गेले अमेरिकेत. आता व्हिसा काढा म्हणावं."

मश्ती यदुल्लाहने आपले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडले होते. ते बुडेपर्यंत तो कोणाशी बोलत नाही. बुडाले, तेव्हा त्याने मोजणीचा खडा टाकला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "इंजिनिअर, हे भांडं फुटलं तर बाजारातला तांबट दुसरं करून देतो. आणि मोजताना हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढं असतं. मला चक्कर आली तर हा रहमान मोजेल, लबाड असला तरी, कारण शंभर डोळे बघतायत. तुम्ही आमच्या पोरांना सांगितलंत, भांडं नको, डोळे नकोत, सगळं आमच्याकडे द्या. दिलं. आता तुम्ही म्हणता, भांडं दुसऱ्यानं नेलं."

"मश्ती, हे फार मोठं राजकारण आहे."

"असेल. बोअरवेलवाला पण असंच म्हणाला होता. एकानं खोल खणलं, साऱ्या गावाची विहीर आटली, वर म्हणतो, भूगर्भाचं शास्त्र मोठं आहे."

मग नुस्रत बोलली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे म्हणाली, "तुमचा काय दोष, साहेब. एस्मत खानमच्या पोरीनं केलं म्हणतात. नवरोजला आली, आईच्या घरातून उघडलं, आणि तिकडं कुलूप पडलं. आमच्याच गावची लेक. मी तिला कडेवर खेळवलीय."

तेव्हा मी काय बोललो, हे तू विचारशील. मी म्हणालो, "ऊन फार झालं. सावलीत बसू."

दुसऱ्या दिवशी मी यझ्दमध्येच तुझ्या आईकडे गेलो. हेतू स्वार्थी होता, लपवत नाही. १३९० सालची साक्ष कंपनीकडे जाण्यापूर्वी तुझ्या पेटीत होती. आणि तू काही पुसून टाकणाऱ्यांतली नव्हेस. ती पेटी हवी होती.

एस्मत खानमनी दार अर्धे उघडले. "या, इंजिनिअरसाहेब. दारात आलेल्याला चहा देतात, म्हणून देते. गोड करायचा असेल तर साखर घरनं आणायला हवी होतीत."

मी बसलो. बैठकीच्या खोलीत तुझे पदवीदानाचे छायाचित्र आहे, त्यात तुझ्या शेजारी मी आहे. माझ्या चेहऱ्यावर कोणीतरी रुमाल टांगून ठेवला आहे.

"गावाला रौझ्याच्या, शोकगीतांच्या बैठकीला गेले होते," त्या म्हणाल्या. "बायकांनी माझ्या दोन्ही बाजूंची जागा सोडली. एवढी ऐसपैस कधी बसले नव्हते. पाय पसरता आले. तुमची कृपा."

"खानम, लोक अज्ञानानं बोलतात."

"लोक ऐकलेलं बोलतात. अज्ञान वेगळं."

मी पेटीचा विषय काढला.

"तीच ना, जिच्यावर बरण्या ठेवायला सांगितलं होतंत? ठेवल्या. पाच वर्षं वांग्याचं लोणचं मुरतंय. उस्तादांचा शब्द मोडायचा कसा."

"तिच्यात नुस्रतचं पाणी आहे, खानम."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पेटी पोरीची आहे. पोरीला विचारा. ती म्हणाली दे, तर आत्ता देते. म्हणाली विहिरीत टाक, तर विहिरीत टाकीन, आणि आवाज ऐकायला तुम्हाला बोलावीन."

मी उठलो. दाराशी त्यांनी मला थांबवले. "एक सांगा. तिनं खरंच केलं का हो?"

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो.

"कोण करतंय?"

"मी."

"मग सापडेल की लवकर," एवढे बोलून त्यांनी दार लावले.

रविवार, २४

काल या दारापाशी लेखणी थांबली. ताहेरेने विचारले, काय लिहितो आहेस; मी म्हणालो, विद्यापीठाचे काही. म्हणजे कालच्या दिवसाचा शेवटही असत्याने झाला.

आता आरोपीस हजर करतो.

मुर्दादच्या मध्यास मी कंपनीला अपील केले होते. मंडळाला मी सांगितले की उत्तर आले नाही. उत्तर आले होते. चार ओळींचे होते, आणि त्यात ज्या दारातून खाते उघडले गेले त्याचा पत्ता, दिवस आणि वेळ दिली होती. ६ फरवर्दीन, नवरोजच्या सुट्टीत, संध्याकाळी पाच वाजण्याच्या सुमारास. पत्ता तुझ्या आईच्या घरचा नव्हता. तो माझ्या घरचा होता. त्या दिवशी तू आईबरोबर मशहदच्या गाडीत होतीस. तूच मला स्टेशनवरून फोन केला होतास.

झाले असे. बादामकहून मश्तीचा फोन आला, नव्या वर्षाचे पाळीपत्रक तातडीने हवे होते, आपला ठिकाणा लपवणारे व्हीपीएन चालेना, आणि पाण्यासाठी खोळंबलेल्या गावाखातर मी थेट आत गेलो.

वरील वाक्य असत्य आहे. मी ते खोडत नाही. तू ते वाचावेस आणि हा मनुष्य कबुलीजबाबातसुद्धा किती सफाईने मखर सजवतो, हे पाहावेस.

झाले ते असे. नवरोजच्या ईदनिमित्त मेहुणा मनूचेहर सहकुटुंब आला होता. पिस्ते सोलीत तो म्हणाला, "काय दाजी, ते पाण्याचं खेळणं अजून चालूच आहे का?" मी म्हणालो, "त्र्याण्णव गावं." तो म्हणाला, "बघू तरी." मी लॅपटॉप आणला. व्हीपीएनचे चक्र फिरत राहिले. सुट्टीत साऱ्या देशाचे फिरते. मनूचेहर ताहेरेकडे पाहून म्हणाला, "त्र्याण्णव गावांना पाणी, आणि घरात नळ कोरडा." सगळे हसले. मी ते चक्र बंद केले आणि उघड्या दाराने आत गेलो. तीन मिनिटे. गावांची यादी दाखवली. "बरं आहे," मनूचेहर म्हणाला, आणि बदामाचे ताट इकडे सरकवा असे त्याने मुलीला सांगितले.

हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणत असावेत.

तरीही, महरुखजान, या तीन मिनिटांना मी पाप मानण्यास तयार नाही. आपल्या घरी, आपल्या लोकांत बसून, स्वतः लिहिलेली गोष्ट उघडणे हा गुन्हा नव्हे. पाप नंतरचे. कुलूप पडल्यावर अकरा जणांची बैठक भरली. सगळे विचारू लागले, व्हीपीएनशिवाय आत कोण गेले. मी तुझे नाव घेतले नाही. मी फक्त खेदपूर्वक म्हणालो, "परदेशातून सुट्टीवर येणाऱ्यांनी अधिक सावध राहायला हवं होतं." परदेशातून आलेली तू एकटी होतीस. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, न्यायालयात अबाधित, आणि नीचपणात परिपूर्ण. तू म्हणालीस, मी उघडले नाही. मी म्हणालो, "कोणी कोणावर आरोप करत नाहीये, महरुख." मग मतदान झाले आणि तुला काढले. मी तटस्थ राहिलो. माझ्या तटस्थतेची प्रशंसासुद्धा झाली.

तेव्हा उत्तर माझ्याकडे नव्हते, असे मी स्वतःला अनेक दिवस सांगितले. उत्तर नसले तरी ६ फरवर्दीन मला आठवत होता. आणि उत्तर आल्यावरही चार आठवडे मी ते खिशात घेऊन हिंडलो, त्याच चार आठवड्यांत तुझी आई ऐसपैस बसत होती.

मला राग माझा येतो आणि त्या रचनेचाही येतो. एकाने दुसऱ्याला झाकू नये म्हणून दोन्ही वेगळे लिहितो. ज्या बांधकामात एका फुशारकीखोराची तीन मिनिटे त्र्याण्णव गावांच्या साक्षी पुरून टाकतात, ते बांधकाम मुळातच चूक होते. तुझ्या पेटीच्या काळी मी असाच मूर्ख होतो, किंबहुना अधिक. पण माझ्या मूर्खपणाने फार तर माझी प्रत बिघडली असती, उरलेल्या दहा शाबूत राहिल्या असत्या. माणूस चुकणारच, घाबरणारच, मेहुण्यापुढे मिरवणारच, असे धरून तू घर बांधले होतेस. मी असे घर निवडले की जे टिकण्यासाठी सर्वांनी सदैव शहाणे राहावे लागेल, आणि त्यावर कळस म्हणजे घरमालकालाही आपला जन्मप्रदेश पसंत असावा लागेल. वर चूक उघडी पडली तेव्हा दोष घालायला एक माणूस हवा होता. एकच दार असले की पहारेकरीही एकच शोधतात, आणि फासावरही एकालाच चढवतात.

नव्या वर्गातल्या मुलांना मी हल्ली व्यवसायातली चांगली सेवा कशी ओळखावी हे शिकवत नाही. मी विचारतो, उद्या सकाळी हे दार बंद झाले तर तुमच्या हातात काय उरेल, ते आत्ता कागदावर लिहा. बहुतेक जण कोरा कागद देतात. मी त्यांना पूर्ण गुण देतो, कारण उत्तर बरोबर असते.

कामाचे सांगतो. मंडळ आता कोणत्याही कंपनीच्या दालनात नाही. ताफ्टच्या शाळेत एक यंत्र, अर्दकानच्या ग्रामपंचायतीत एक, माझ्याकडे एक, मंडळातल्या सियामककडे एक. प्रत्येकावर कोड, साक्षी, तक्रारी, सर्व काही. एकमेकांकडून ती भरून घेतात आणि कोणी मुख्य नाही. हे सर्व तुझ्या १३८७ च्या टिपणावरून केले. टिपणावर तुझे नाव होते. मंडळाने विचारले, हे कोणाचे, तेव्हा मी दुसऱ्यांदा गप्प बसू शकलो असतो. बसलो नाही. आज सकाळी अकराही जणांना, म्हणजे तुला आणि मला वगळता नवांना, कंपनीचे ते चार ओळींचे उत्तर आणि मी काय केले ते पाठवले. प्रमुखपद सोडले आहे. सियामकचे उत्तर आले: "उस्ताद, आम्ही तुमच्या शब्दावर तिला काढलं." त्याखाली काही नव्हते.

मंडळापुढे बोलून बादामकमध्ये काही पोहोचत नाही. तेथे जी गोष्ट पाण्यापाशी, चार माणसांदेखत बोललेली नाही, ती झालेलीच नाही. म्हणून शुक्रवारी मी गावी जाऊन हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचणार आहे. सजवलेल्या असत्यासकट, मनूचेहरसकट. मगच ते टपालात पडेल.

पेटीविषयी माझी विनंती नाही. विनंती करण्याइतकी माझी पत शिल्लक नाही. नुस्रतची मात्र आहे. १५ आबानपूर्वी तू आईला हो किंवा नाही, जे कळवायचे ते थेट कळवावेस, माझ्यामार्फत नव्हे. नाही म्हणालीस तर गावाला मी सांगेन की हा नकार महरुखचा नाही, फरामर्जने पेरलेले उगवले आहे. तुला कोणी कठोर म्हणू नये, याची व्यवस्था मी करीन. यापूर्वी उलटी व्यवस्था मी उत्तम केली होती, तेव्हा अनुभव आहे.

फरामर्ज वहीदी

शुक्रवार, २९ शहरीवर, बादामक

वाचले. चौतीस माणसे होती, बायका पलीकडच्या काठावर. मनूचेहरच्या जागी लोक हसले, तुझ्या आईच्या जागी कोणी हसले नाही. रहमान म्हणाला, "एवढं अरबी... एवढं पुस्तकी कशाला, खोटं बोललो म्हणायचं." मी म्हणालो, खोटे बोललो. नुस्रत काठावरून उठून तुझ्या आईशेजारी जाऊन बसली. पंचांनी सांगितले की वाचलेल्याखाली ऐकणाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे ही साक्ष समजली जाईल. घेतल्या.

यदुल्लाह, पाटकरी.

नुस्रत. (तिचा अंगठा.)

रहमान. पाण्याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. पोरीबद्दल ऐकलं.

एस्मत. ही सही ऐकल्याची आहे, माफीची नाही.